लिंबाला सतरा, द्राक्षाला पावणेदोन

भाचा नाताळच्या सुट्टीत माझ्याकडे येतो तो मुख्यतः खायला. या वेळी येताना मात्र काखेत थर्माकोलचा डोंगर होता. शाळेने विज्ञानाचा प्रकल्प दिलाय म्हणे. आठवीत आहे. आल्या आल्या डोंगर ओट्यावर मांडला, शिखराच्या भोकात माझ्या डब्यातला खायचा सोडा ओतला, व्हिनेगरमध्ये लाल रंग कालवला आणि म्हणाला, "आत्या, बघ हं!"

बघितलं. फस्सकन फेस आला, डोंगरावरून ओघळला, ओट्यावर पसरला. दहा-बारा सेकंदांत सगळं शांत.

"झालं?"

"झालं."

"मग उरलं काय?"

आता हा प्रश्न कुणी आत्या विचारत नाही, पण मी सत्तावीस वर्षं एका पतसंस्थेत कॅशियर होते. संध्याकाळी दोन रुपयांचा फरक निघाला तरी घरी जाता येत नसे. एवढं घातलं, एवढं आलं, मग शिल्लक किती, हे तोंडातून आपोआप निघतं. तो म्हणाला, काही उरत नाही, आम्ल आणि आम्लारी एकमेकांना उदासीन करतात, क्षार आणि पाणी तयार होतं. पुस्तकात आहे.

पुस्तकात असेल. मी डोंगराच्या पायथ्याचं लाल पाणी दोन वाट्यांत काढलं. एका वाटीत चिमूटभर सोडा टाकायला सांगितला, दुसरीत चमचाभर व्हिनेगर. व्हिनेगरची वाटी ढिम्म. सोड्याची वाटी फसफसली. म्हणजे सोडा केव्हाच संपला होता आणि व्हिनेगर मागे उरलं होतं. पुढ्यातलं पाणी उदासीन वगैरे काही नव्हतं, चांगलं आंबट होतं.

मग कागद घेऊन बसलो. दर ८४ ग्रॅम खायच्या सोड्याला ६० ग्रॅम अ‍ॅसेटिक आम्ल लागतं. त्याने चमचाभर, म्हणजे साधारण ५ ग्रॅम सोडा टाकला होता. त्याला आम्ल हवं साडेतीन ग्रॅमच्या आसपास. बाटलीवर ४ टक्के लिहिलेलं, म्हणजे ९० मिली व्हिनेगर पुरलं असतं. साहेबांनी अर्धी बाटली रिकामी केली होती. त्या चमचाभर सोड्यातून निघणारा वायू मोजला तर जवळजवळ १.४ लिटर भरतो, हे त्याला खरंच वाटेना. पाण्याच्या लिटरच्या बाटलीत मावणार नाही एवढा वायू, आणि दिसतो काय, तर थोडासा फेस! तेव्हा एका उभट पातेल्यात परत केलं आणि पेटती काडी हळूच आत नेली. काठाच्या खाली जाताच विझली. तीनदा, चारदा. काडेपेटी संपत आली तेव्हा थांबवलं. पातेलं हातात घेतल्यावर त्याला आणखी एक गोष्ट कळली: बूड गार लागत होतं.

ही गार पडण्याची गंमत मला माहीत नव्हती, खोटं कशाला सांगू. माझ्या डोक्यात अशा गोष्टी तापतात असंच होतं, कारण मी लहानपणी चुना विरजताना पाहिलाय. पंचवटीतल्या आमच्या वाड्यात दिवाळीच्या आधी भिंतींना सफेदी व्हायची. अण्णा कळीच्या चुन्याचे खडे लोखंडी पिंपात टाकून वर पाणी सोडायचे. आधी काहीच नाही. मग एक खडा तडकायचा, मग दुसरा, आणि बघता बघता पिंप खदखदायला लागायचं. विस्तव नाही, काही नाही, नुसती वाफ. आम्हा पोरांना ओटीवरून खाली उतरायची बंदी असे, आणि ती योग्यच होती.

तर, डोंगराकडे परत. माझं स्पष्ट मत आहे की ज्वालामुखी हा या विषयातला सगळ्यांत निकामी प्रयोग आहे. शिकायला त्यात एवढंच मिळतं की फेस येतो. शिवाय खोटाही आहे. खऱ्या ज्वालामुखीत सोडाही नसतो आणि व्हिनेगरही नसतं. खरा लाव्हा बघायचा तर नाशिककराने अंगणात यावं. पांडवलेणी ज्यात कोरली, काळाराम मंदिर ज्या जातीच्या काळ्या पाषाणाचं आहे, तो सगळा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास थंड झालेला लाव्हाच आहे.

आणि तिसरी तक्रार ओट्याची. फेस पुसल्यावर कडाप्प्यावर तळहाताएवढा पांढुरका डाग राहिला. घासला, तेल लावलं, जाईना. लिंबू पिळताना पडलेल्या थेंबांचे असले बारके ठिपके ओट्यावर आधीपासून होते. मी बापडी इतकी वर्षं ते ओट्याच्या वयाचे समजत होते. कडाप्पा म्हणजे चुनखडीचाच काळा दगड. आम्ल पडलं की वरचा झिलईचा थर खातं.

हे कळल्यावर भाचेराव अर्धं लिंबू घेऊन घरभर फिरले. अंगणातला काळा दगड: काही नाही. मागच्या पडवीतली शहाबादी फरशी: नुसत्या डोळ्यांना काही नाही, पण माझ्या वाचायच्या भिंगातून पाहिलं तर थेंबात टाचणीच्या टोकाएवढे बुडबुडे. फरशीच्या फुटक्या कोपऱ्याची पूड करून तिच्यावर लिंबू पिळलं तेव्हा मात्र भिंगाची गरज उरली नाही. दगड एकसंध असतो तेव्हा आम्लाला फक्त वरची बाजू मिळते, पूड केली की चहूबाजूंनी. खडीसाखर आणि पिठीसाखर आठवा. अंड्याचं कवचही त्याच कुळातलं. एक अंडं व्हिनेगरमध्ये ठेवून दिलं, दुसऱ्या दिवशी कवच जाऊन नुसती पातळ पिशवी उरली. ते टाकून देताना मला जिवावर आलं, पण खायचं नाही हे आधीच ठरलं होतं.

मग तो म्हणाला, "आत्या, बाथरूममधलं अ‍ॅसिड घेऊ या ना, ते स्ट्राँग आहे."

नाही म्हटलं. आणि का नाही, तेही सांगितलं. लग्नानंतर सिडकोत राहायचो तेव्हाची गोष्ट. संडास चकचकीत व्हावा म्हणून मी आधी ब्लीचिंग पावडर टाकली आणि वरून सुट्टं मिळणारं अ‍ॅसिड ओतलं. डबल सफाई. दोन श्वासांत छाती आवळली, डोळ्यांतून धारा. दार उघडून बाहेर पडले तेवढं सुचलं. तो क्लोरीन होता, हे डॉक्टरांनी सांगितलं. दोन दिवस खोकत होते. ब्लीच आणि अ‍ॅसिड एकत्र येता कामा नये, एवढं मी कामाला येणाऱ्या प्रत्येक बाईला पहिल्या दिवशी सांगते. भाच्यालाही सांगितलं. स्वयंपाकघराच्या बाहेरचं काही घ्यायचं नाही, हा नियम ठरला.

एक अपवाद केला: पानवाल्याकडचा चुना. तोही चष्मा लावून, आणि डबी मीच उघडायची, कारण चुना डोळ्यात उडाला तर डोळा जातो.

चुना कशासाठी, तर मला मोजायचं होतं. कोण किती आंबट? जिभेला विचारलं तर ती चिंच म्हणते, भाच्याची कैरी म्हणते. हिशेब असा होत नाही. सगळ्यांना एकाच मापाने मोजायला हवं, आणि माप म्हणून चुन्याची निवळी घेतली. आजी कोहळ्याच्या पेठ्यासाठी करायची तशीच. उकळून गार केलेल्या लिटरभर पाण्यात चमचाभर चुना, झाकणाच्या बाटलीत घालून खूप हलवायचं, रात्रभर ठेवायचं आणि सकाळी वरचं नितळ पाणी अलगद काढून घ्यायचं. दिसायला साधं पाणी, हाताला बुळबुळीत.

संपल्याची खूण सांगायला हळद. मिसळ खाताना पांढऱ्या शर्टावर तर्री सांडून घरी आलेल्या कुणालाही हे ठाऊक आहे. पिवळ्या डागावर साबण लावला की तो लालभडक होतो आणि आई आणखी ओरडते. हळद आंबटात पिवळीच राहते, आम्लारीत लाल होते. करोनात आणून ठेवलेलं सॅनिटायझर कपाटात पडून होतं, त्यात चिमूटभर हळद घातली, गाळली, झाला दर्शक. (जास्वंदीचं पाणीही करून पाहिलं. लिंबात ते झकास गुलाबी होतं आणि निवळीत हिरवं. पण मध्ये इतक्या छटा लागतात की थांबायचं कुठे यावर आमचं भांडण झालं.)

नमुन्यांसाठी बुधवारी गंगेवरच्या (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो) बाजारातून लिंबं आणली. ताक घरचं. द्राक्षं मात्र दोन प्रकारची मिळाली आणि हा डिसेंबरच्या नाशिकचाच फायदा. सटाण्याकडची आगाप, म्हणजे लवकर केलेल्या छाटणीची तयार द्राक्षं बाजारात आली होती, आणि दिंडोरीला माझ्या नणंदेच्या बागेत मण्यांत अजून पाणी उतरायचं होतं. तिने हिरव्या, टणक मण्यांची पिशवी पाठवली. एक चावून पाहा म्हटलं तर भाच्याने ज्या प्रकारे एक डोळा मिटला त्याचा फोटो काढायला हवा होता.

कृती. पांढऱ्या चिनीमातीच्या वाटीत गाळलेला रस १ मिली, थोडं पाणी, हळदीच्या अर्काचे दोन थेंब. बिनसुईच्या सिरिंजने वरून निवळी थेंब थेंब. तो ताकासाठी देव्हाऱ्यातलं तांब्याचं पंचपात्र उचलून आणत होता, मी तिथूनच ओरडले. ताक कळकेल ना! आजीच्या काळी पितळेच्या भांड्याची कल्हई उडाली की त्यात ताक ठेवत नसत, ते यासाठीच. आंबट तांब्याला खातं आणि तांबं आपल्या पोटात येतं.

लिंबात निवळीचा पहिला थेंब पडला तेव्हा काय झालं ते सांगते. पिवळ्या पाण्यात थेंब पडला त्या जागी क्षणभर लाल डोळा उघडला आणि मिटला. दुसरा थेंब, पुन्हा डोळा, पुन्हा गायब. सुरुवातीला तो पापणी लवायच्या आत नाहीसा होतो. पाच मिली झाले, दहा झाले, तो जाईच ना! तेराच्या पुढे डोळा जरा रेंगाळायला लागला, वाटी गोल फिरवली की जायचा. सोळाला त्याला शेपूट फुटलं. भाच्याचा श्वास थांबलेला, माझाही. मग एक थेंब असा पडला की लाल रंग पसरला तो पसरलाच, वाटी फिरवली तरी हटेना. सिरिंजवर पाहिलं: एकूण १७ मिली.

"परत," मी म्हटलं. नोटा दोनदा मोजायची सवय. दुसऱ्यांदा साडेसोळा, तिसऱ्यांदा १७.

व्हिनेगरला १५ लागले. इथे मला एक लबाडी सुचली. व्हिनेगरच्या बाटलीवर ४ टक्के छापलेलं आहे, तेव्हा त्यावरून निवळीचीच ताकद काढता येईल. १ मिलीत आम्ल ०.०४ ग्रॅम. ६० ग्रॅम आम्लाला विरलेला चुना लागतो ३७ ग्रॅम. म्हणजे १५ मिली निवळीत चुना असणार ०.०२५ ग्रॅमच्या जरासा आत. लिटरला किती? १.६५ ग्रॅमच्या आसपास. मग पुस्तक उघडलं. नेहमीच्या तापमानाला लिटरभर पाण्यात चुना विरघळतो साधारण १.७ ग्रॅम. चमचाभर टाकला तरी बाकीचा तळाशीच बसतो. पानवाल्याचा चुना, औषधाच्या दुकानातली सिरिंज, हळद, आणि ताळा जुळला! पतसंस्थेत ताळा जुळला की मी चहा सांगायचे. घरी स्वतःच केला.

हिरव्या द्राक्षाला ७. हे अपेक्षित होतं.

ताकाला पावणेदोन. बरोबर, ताक ते केवढं आंबट असणार.

तयार, गोड, सोनेरी झाक आलेल्या द्राक्षाला: पावणेदोन.

भाचा म्हणाला, काहीतरी चुकलं. मलाही तसंच वाटलं. वाटी धुतली, नवं द्राक्ष चिरडलं, परत. पावणेदोनच. मग दोघांनी एकेक द्राक्ष खाल्लं आणि वर एकेक घोट ताक प्यायलो. जीभ शपथेवर सांगत होती की यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण आंबटपणा तेवढाच आहे, फक्त द्राक्षात त्याच्यासमोर सोळा-अठरा टक्के साखर उभी आहे. नणंदेला फोन केला तर ती हसायलाच लागली. "अगं, नुसती साखर असती तर द्राक्ष मचूळ लागलं असतं. आंबट उतरायला हवं, पण सगळं उतरून चालत नाही." तिने चाळीस वर्षांत एकदाही निवळी मोजलेली नाही.

कांद्याचंही एक करून पाहिलं. चिरलेल्या कांद्यात फडक्याचे तुकडे रात्रभर ठेवले, एकावर निवळी आणि एकावर व्हिनेगर टाकून पाण्यात खळबळले. आम्लारीत कांद्याचा वास मरतो म्हणतात. माझ्या नाकाला पटलं. त्याला सर्दी झाली होती, त्यामुळे त्याने "निरीक्षण नाही" असं लिहिलं. हे मला आवडलं.

तिसऱ्या दिवशी गडबड झाली. सकाळी उठून सवयीने लिंबाची एक फेरी केली तर २१. लिंबू कालच्याच पिशवीतलं. भाचा म्हणाला लिंबू जास्त आंबट निघालं. मी म्हटलं थांब. गल्ला जुळत नाही तेव्हा आधी मोजणाऱ्यावर संशय घ्यायचा. निवळी रात्रभर कशात होती? पसरट पातेल्यात, उघडी. झाकायची राहिली, आणि झाकायचं काम माझं होतं, हेही नोंदवते.

पातेल्यात वाकून पाहिलं तर दुधावर येते तशी साय आली होती. पातळ, करकरीत. बोट लावलं की तुकडे होऊन बुडायची. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने रात्रभर निवळीतला चुना खाल्ला होता आणि त्याची ही साय झाली होती. निवळी पांचट झाली म्हणून लिंबाला जास्त लागली. भाच्याने लगेच ग्लासात थोडी निवळी घेऊन स्ट्रॉने फुंकली. मी ती काळजी घेतली की फुंकायचीच, ओढायची नाही. चार फुंकरींत ती दुधाळ झाली.

साय चमच्याने गोळा केली, बशीत ठेवली आणि वर व्हिनेगरचा थेंब सोडला. फसफस. भिंगाशिवाय दिसेल अशी.

तो बशीकडे पाहत राहिला, मग ओट्याच्या डागाकडे. "आत्या, म्हणजे हा कडाप्पाच झाला की पातेल्यात. काळा नाही एवढंच."

मी काही बोलले नाही. रात्रभरात पातेल्यात सायीएवढी चुनखडी झाली आणि ओट्यावरची त्याने दहा सेकंदांत उडवली, हा हिशेब त्याचा त्याने केला होता.

रविवारी वडील न्यायला आले तेव्हा तो डोंगर पुन्हा काखेत होता. शाळेला डोंगरच हवाय, त्याला इलाज नाही. पण डोंगराच्या मागे त्याने वहीतलं पान डकवलं आहे: लिंबू १७, साडेसोळा, १७. व्हिनेगर १५. हिरवं द्राक्ष ७. ताक पावणेदोन, गोड द्राक्ष पावणेदोन (दोनदा तपासले). आणि खाली, २१ च्या आकड्यापुढे कंसात, "आत्याने झाकण ठेवले नाही".

डाग अर्थातच गेला नाही. त्यावर मी आता चुन्याची डबी ठेवते.